शोधायचं कोणत्या नावानं?

माझी पुतणी एम.ए.ला होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी वैतागून म्हणाली, "चाचा, शेख महंमदांवर इंटरनेटवर चारच ओळी आहेत, आणि सगळीकडे त्याच!"

एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उचललं, असाच तो प्रकार होता. पण मला तिला हसता येईना. पूर्वी एका व्याख्यानात मी एक अभंग श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा म्हणून ठासून सांगितला होता. समोरच्या एका वयस्क गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "कोणत्या प्रतीत आहे हा?" मी गप्प. माझ्यासारख्या मुसलमानाला 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?' असं लोक अजून विचारतात. त्यावर उत्तर म्हणून मी सतराव्या शतकातला कवी उभा केला, आणि माझा पुरावाच ऐकीव निघाला.

म्हणून पुतणीला घेऊन ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल बाईंचा पहिलाच प्रश्न होता, "शोधताय कोणत्या नावानं?" महंमद, महम्मद, मोहंमद, मुहम्मद. आपल्याला माणूस एकच, पण संगणकाला हे चार निराळे शब्द. नाव सापडेना तर ग्रंथाचं नाव घ्या, 'योगसंग्राम'. तेही नसेल तर विषय घ्या. तसं केल्यावर रा. चिं. ढेरे यांचं 'मुसलमान मराठी संतकवी' हाती आलं. त्यातल्या संदर्भांवरून पुढची पुस्तकं कळली. जुन्या छापील पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' बाईंनी समोर ठेवली. 1800 ते 1937 या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची ती नोंद आहे. एका माणसानं एवढं काम केलं, हे पाहून मला माझ्या आळसाची लाज वाटली.

ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक 891.46, मराठी कवितेचा 891.461. तो पाठ असला की कपाटापाशी उभं राहून शेजारची पुस्तकंही चाळता येतात. संतसाहित्य मात्र पुष्कळदा 294.5 मध्ये, म्हणजे हिंदू धर्माच्या कपाटात सापडतं. शेख महंमदांना कुठं बसवायचं, हे ड्यूईसाहेबांना काही सुचलं नसावं!

पुतणी आता एका महाविद्यालयात शिकवते. मुलांसाठी तिनं मोबाइलवर छोटे धडे तयार केले. पहिल्या धड्यात ग्रंथालयाची इमारत, नियम, वेळा. तो कुणी पुरता पाहिला नाही. दुसऱ्यात तिनं स्वतःचा फसलेला शोध दाखवला आणि मुलं प्रश्न विचारू लागली. स्कॅन केलेल्या पुस्तकात शब्द शोधला तर सापडत का नाही? कारण ते पान म्हणजे नुसता फोटो असतो. संगणकाला त्यातली अक्षरं ओळखून दिलेली नसतील, तर पानं उलटण्यावाचून इलाज नाही. उलट मोल्सवर्थचा 1857 च्या आवृत्तीचा कोश शिकागो विद्यापीठानं शोधता येईल असा इंटरनेटवर ठेवला आहे. शब्द टाका, अर्थ समोर.

धड्याखाली ती एक काम देते. इंटरनेटवरचं कोणतंही एक विधान घ्यायचं आणि ते कोणत्या पुस्तकात, कितव्या पानावर आहे ते शोधून आणायचं. एका मुलानं 'कुठंच सापडलं नाही' असं लिहून, कुठं कुठं पाहिलं त्याची दोन पानी यादी जोडली. तिनं त्याला पूर्ण गुण दिले.

माझा तो अभंगही तिनं मुलांना दिलाय. अजून कुणाला सापडलेला नाही.