‘सगळेच करतात, मग मीच का नाही?’
किशोरवयीन मुलं आणि दोस्तांचा दबाव



गटाच्या मासिक बैठकीत बचत, कर्ज, परतफेड झाली की हळूच पोरांचा विषय निघतो. कोणी म्हणतं, नववीतल्या पोराच्या खिशात खर्र्याची पन्नी सापडली. कोणी म्हणतं, मोबाईल घेऊन दिला नाही म्हणून मुलगा दोन दिवस जेवला नाही. कोणी म्हणतं, पोरगी आपल्या आवडीचं काही बोलतच नाही, मैत्रिणी म्हणतील तेच. आणि शेवटी सगळ्यांचं एकच वाक्य असतं, ‘पोर चांगलं होतं हो, संगतीनं बिघडलं.’

‘संगत’ म्हणून आपण विषय संपवतो. पण ही संगत नेमकी काम कशी करते, हे समजलं तर त्यावर उपायही सापडतो. म्हणून या अंकात त्याबद्दल.

दबाव म्हणजे धमकी नाही

दोस्तांचा दबाव म्हटलं की आपल्याला वाटतं, कोणीतरी हात धरून बळजबरी केली असेल. बहुतेक वेळा तसं काहीच होत नाही. पाच पोरं पारावर बसलेली असतात, चौघं खर्रा खातात. पाचव्याला कोणी जबरदस्ती करत नाही. फक्त एक जण हसून म्हणतो, ‘अरे, हा अजून आईचं बाळ आहे.’ एवढंच पुरतं. पुढच्या वेळी तो स्वतःच हात पुढे करतो. खर्र्याची चव आवडली म्हणून नाही, तर एकटं पडू नये म्हणून.

याच वयात एवढं का?

आपलं पोर घरात समजूतदार असतं आणि चार मित्रांत गेलं की वेगळंच वागतं, हा अनुभव बऱ्याच जणींना आहे. 2005 साली अमेरिकेत यावर एक अभ्यास झाला. 13 ते 16 वर्षांची मुलं, 18 ते 22 वर्षांची तरुण मंडळी आणि 24 च्या पुढची मोठी माणसं, अशा तिघांनाही कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा एक खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की धोका पत्करून पुढे जायचं, हे त्यांनी ठरवायचं. काहींनी एकटं खेळायचं आणि काहींनी मित्र शेजारी बसलेले असताना.

मोठ्यांना मित्र शेजारी असण्यानं काही फरक पडला नाही. 13 ते 16 वयाच्या मुलांनी मात्र मित्र बघत असताना दुपटीच्या आसपास धोका पत्करला. धोका कळत नाही असं नव्हतं. पण मित्रांसमोर शाबासकी मिळवण्याची ओढ त्या वयात फार मोठी असते. मेंदूचा मौजमजेला, कौतुकाला भुलणारा भाग आधी जोर धरतो, आणि ‘थांब, विचार कर’ म्हणणारा भाग पुरता तयार व्हायला विशी ओलांडावी लागते.

म्हणून ‘तुला अक्कल नाही का?’ असं विचारून उपयोग होत नाही. अक्कल आहे. पण चार जणांच्या नजरेपुढे ती मागे पडते.

हाच दबाव आपणही वापरतो

तायांनो, दोस्तांचा दबाव वाईटच असतो असं नाही. आपला बचत गट त्याच्यावरच तर उभा आहे! दर महिन्याच्या तारखेला दहाजणी बचत घेऊन येतात, म्हणून अकरावीही आणते. हप्ता थकला तर बँकेच्या नोटिशीपेक्षा ‘बैठकीत तोंड कसं दाखवू’ याची काळजी जास्त वाटते. जी बाई कधी बँकेची पायरी चढली नव्हती, ती बाकीच्या जातात म्हणून जाते आणि सही करायला शिकते.

पोरांचंही तसंच आहे. मित्र अभ्यासाला बसत असतील तर आपलंही बसतं. गावातल्या तीन मुली सायकलवर हायस्कूलला जात असतील तर चौथीची शाळा सुटत नाही. म्हणून प्रश्न मित्र तोडायचा नाही. आपलं पोर कोणत्या कळपात आहे आणि तिथे ‘नाही’ म्हणायची सोय आहे का, हा खरा प्रश्न आहे.

एक सोबती पुरतो

सत्तरेक वर्षांपूर्वी सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला होता. कागदावरच्या रेघांपैकी कोणती रेघ दाखवलेल्या रेघेएवढी आहे, ते सांगायचं. उत्तर डोळ्यांसमोर होतं. पण खोलीतली बाकीची माणसं आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायची. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांपैकीसुद्धा चौघांतल्या जवळपास तिघांनी एकदा तरी त्यांच्या मागे जाऊन चुकीचं उत्तर दिलं.

पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्या घोळक्यात एक जण जरी खरं उत्तर देणारा असला, तर मान डोलावणं खूपच कमी व्हायचं. म्हणजे दहा चांगले मित्र लागत नाहीत. ‘मी पण नाही खात’ म्हणणारा एक सोबती पुरतो.

मग आईनं काय करायचं?

*मित्र ओळखा.* त्यांची नावं, घरं माहीत असू द्या. त्यांना घरी बोलवा, चहा-पोहे द्या. ज्याच्या आईला आपण ओळखतो, त्याच्याबद्दल दोघी मिळून बोलता येतं. मित्रांना शिव्या दिल्या की पोर त्यांच्याच बाजूनं उभं राहतं आणि आपल्याशी बोलणं बंद करतं.

*‘नाही’चे शब्द शिकवा.* ‘नको खाऊस’ एवढंच सांगू नका, काय उत्तर द्यायचं तेही घरीच ठरवा. ‘आमची आई तोंडाचा वास घेते रे’, ‘मला कबड्डी खेळायची आहे, दम लागतो.’ आईच्या नावावर बिल फाडू द्या, आपलं काही जात नाही.

*सुटायची वाट ठेवा.* अडचणीत असशील तर मिस कॉल दे, मी फोन करून घरी बोलावते, असं ठरवून ठेवा. आणि असा मिस कॉल आला तर त्या रात्री रागावू नका. पुढच्या वेळी तो येणार नाही.

*कर्ज घेण्याआधी थांबा.* पोरावरचा दबाव शेवटी आपल्या कर्ज वहीत येतो. ‘सगळ्यांकडे आहे’ म्हणून मोबाईलसाठी, गाडीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं जातं. गटानं विचारावं: गरज कोणाची? वापरणार कोण? हप्ता कशातून? 18 च्या आतल्या मुलानं मोटारसायकल चालवताना पकडलं गेलं, तर 2019 च्या कायदा दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

*दुकानावर लक्ष ठेवा.* 18 वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकणं 2003 च्या कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. एकटीनं सांगितलं तर दुकानदार हसेल. ग्रामसंघाचा ठराव ग्रामसभेत गेला तर ऐकावं लागेल.

आपल्यावरचा दबावही बघू या

पोरांना आपण म्हणतो, ‘दुसऱ्यांचं बघून करू नको.’ आणि आपण? ‘तिच्याबरोबरच्या सगळ्यांची लग्नं झाली, हिचंच राहिलं, लोक काय म्हणतील’ म्हणून 17 वर्षांच्या मुलीसाठी स्थळ बघायला लागतो. ते लग्न बेकायदेशीर आहे हे माहीत असतं, तरी घोळक्याच्या मागे जातो. खर्रा खाणाऱ्या पोराचं आणि आपलं मन तिथे सारखंच चालतं. आपण एकदा लोकांना ‘नाही’ म्हटलेलं मुलांनी पाहिलं, तर दहा उपदेशांपेक्षा ते जास्त लक्षात राहतं. आणि इथेही एक सोबतीण पुरते. ‘मी पण माझ्या मुलीचं 18 आधी करणार नाही’ असं गटातल्या एकीनं बोलायची खोटी, दुसरीला धीर येतो.

मदत कुठे मिळेल?

पोर सतत गप्प असेल, शाळा बुडवत असेल, घरातून पैसे जात असतील, कोणी मारहाण करत असेल किंवा फोटोवरून धमकावत असेल, तर ही नुसती संगत नाही. लाज न बाळगता आशाताईशी, शाळेतल्या शिक्षकांशी बोला. मुलांसाठी 1098 हा फोन मोफत आहे. तंबाखू सोडायची असेल तर 1800-11-2356 वर मोफत सल्ला मिळतो.

दशसूत्रीत आरोग्य आणि शिक्षण ही दोन सूत्रं आहेतच. पुढच्या बैठकीत परतफेड झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला द्या. प्रत्येकीनं आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या दोन मित्र-मैत्रिणींची नावं सांगायची, एवढंच करा. किती जणींना सांगता येतात ते बघा, आणि ज्यांची नावं येतील त्यांच्या आया बहुतेक त्याच चटईवर बसलेल्या असतील. बोलणं तिथूनच सुरू करता येईल.

— तुमची क्षेत्र समन्वयक