सहा बोटे, सहा ठिपके : मोबाईलवर ब्रेलमध्ये लिहायचे कसे?

आपल्या घराघरांत आज स्मार्टफोन आहे. जळगावच्या मेहरूणमध्ये असो की धुळ्याच्या मौलवीगंजमध्ये, एका घरात दोन-तीन फोन सहज निघतात. पण घरात एखादे मूल अंध असेल तर त्याच्या हातात फोन दिला जातो तो फक्त ऐकण्यासाठी. नात, तिलावत, बातम्या, व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज. लिहायची वेळ आली की अम्मी, अब्बू नाहीतर मोठा भाऊ लिहून देतो. त्या मुलाने स्वतः लिहावे, तेही त्याच फोनवर, हे शक्य आहे याची माहितीच आपल्याकडे फार कमी लोकांना आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख आहे. त्यातले काही आपल्या मोहल्ल्यात, आपल्या नात्यात आहेत. म्हणून आज आपण हा विषय सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी ब्रेल म्हणजे काय ते पाहू

फ्रान्समधले लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा. लहानपणी, तीन वर्षांचे असताना, वडिलांच्या कामाच्या ठिकाणी डोळ्याला अवजार लागले आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात त्यांनी बोटांनी वाचता येणारी ही लिपी तयार केली. १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली.

लिपी एकदम साधी आहे. एका अक्षरासाठी सहा ठिपक्यांची जागा असते. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे वरून खाली ४, ५, ६. यातले कोणते ठिपके उठलेले आहेत त्यावरून अक्षर ओळखायचे. एकूण ६३ वेगवेगळ्या खुणा तयार होतात.

आपल्या देशात वेगवेगळ्या भाषांसाठी वेगवेगळे ब्रेल वापरले जायचे. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरले आणि हा गोंधळ बराच कमी झाला. सारख्या आवाजाला शक्यतो सारखीच खूण, हे त्यामागचे तत्त्व. उर्दू-मराठी घरांसाठी ही मोठीच सोय आहे. बघा, ‘स’ साठी ठिपके २-३-४. मराठीचा स, उर्दूचा सीन, अरबीचा सीन आणि इंग्रजीचा एस, सगळ्यांना हीच खूण. ‘ल’ म्हणजे १-२-३ आणि ‘म’ म्हणजे १-३-४, हेही चारही भाषांत सारखेच. डोळस मुलाला देवनागरी, उर्दू आणि रोमन अशा तीन लिप्या वेगवेगळ्या शिकाव्या लागतात. ब्रेल शिकणाऱ्या मुलाची एक भाषा पक्की झाली की दुसरीची बरीच अक्षरे आधीच हातात असतात.

आणखी एक गोष्ट. कागदावर उर्दू आणि अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, पण ब्रेलमध्ये उर्दू-अरबीसुद्धा डावीकडून उजवीकडेच वाचतात. मदरशात किंवा घरी शिकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, नाहीतर पहिल्याच दिवशी मूल गोंधळते.

मग फोनच्या काचेवर ब्रेल कसे?

इथे प्रश्न पडतो की काच तर गुळगुळीत, तिच्यावर ठिपके लागणार कुठून? उत्तर असे की काचेवर वाचायचे नसते, फक्त लिहायचे असते. काचेच्या सहा जागा म्हणजेच सहा ठिपके. त्या अक्षरात जे ठिपके येतात तेवढी बोटे एकदम टेकवायची आणि उचलायची. फोन ते अक्षर लिहितो आणि बोलून सांगतो.

‘सलाम’ हा शब्द घ्या. स (२-३-४), ल (१-२-३), मग आ ची खूण (३-४-५), मग म (१-३-४). चार वेळा बोटे टेकवली की शब्द तयार. मराठी ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी हे सगळे व्यंजनानंतर येते. कागदावर ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो, पण ब्रेलमध्ये आधी क, मग इ. म्हणजे जसे बोलतो तसेच लिहायचे. लहान मुलांना हे चटकन समजते.

आयफोनमध्ये ही सोय २०१४ पासून आहे. तिथे व्हॉइसओव्हर चालू करून, रोटरमध्ये ब्रेल स्क्रीन इनपुट हा पर्याय घ्यावा लागतो. पण आपल्याकडे बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन असतो. त्यासाठी गूगलने एप्रिल २०२० मध्ये टॉकबॅकमध्येच ब्रेल कीबोर्ड दिला. त्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

अँड्रॉइडवर सुरू करायची पद्धत

पहिल्यांदा घरातल्या डोळस माणसाने मदत करावी.

१. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा, त्यात टॉकबॅक चालू करा. टॉकबॅक चालू झाल्यावर फोनची वागणूक बदलते. एकदा बोट लावले की तो फक्त नाव बोलतो, उघडण्यासाठी दोनदा टकटक करावे लागते. घाबरू नका. आवाजाची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबून धरली की बहुतेक फोनवर टॉकबॅक बंद-चालू होतो.

२. टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये ब्रेल कीबोर्ड शोधून चालू करा. फोनच्या कंपनीप्रमाणे नावे थोडी पुढे-मागे असतात.

३. तिथेच ब्रेल भाषांची यादी असते. आपली भाषा यादीत असेल तर ती निवडा. नसेल तर इंग्रजी निवडून रोमन अक्षरांत सुरुवात करा, जसे आपण व्हॉट्सॲपवर लिहितोच. इंग्रजीत दोन प्रकार दिसतील. शिकाऊ मुलासाठी पहिला, म्हणजे पूर्ण अक्षरांचा प्रकार घ्या. दुसऱ्यात शब्दांची संक्षिप्त रूपे असतात, ती नंतर.

४. आता फोन आडवा धरा, स्क्रीन आपल्यापासून पलीकडे, समोरच्या माणसाकडे. डाव्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका म्हणजे १, २, ३. उजव्या हाताची तीच बोटे म्हणजे ४, ५, ६. अंगठे आणि करंगळ्या फोन धरून ठेवतात. ज्याला असे धरणे जमत नाही त्याने फोन टेबलावर सपाट ठेवून लिहावे, तशीही सोय आहे.

अक्षरांशिवाय काही खुणा पाठ कराव्या लागतात. एक बोट उजवीकडे सरकवले की शब्दांमध्ये जागा सुटते, डावीकडे सरकवले की शेवटचे अक्षर पुसले जाते. दोन बोटे उजवीकडे म्हणजे नवी ओळ, डावीकडे म्हणजे पूर्ण शब्द पुसला. दोन बोटे वर म्हणजे मजकूर पाठवला, दोन बोटे खाली म्हणजे कीबोर्ड बंद. तीन बोटे खाली म्हणजे दुसरा कीबोर्ड, तीन बोटे वर म्हणजे पर्यायांची यादी. आठवडाभर रोज पंधरा-वीस मिनिटे सराव केला तर बोटांना या खुणांची सवय होऊ लागते.

‘बोलून टाईप होते ना, मग हे कशाला?’

आम्ही शिक्षक पालकांशी या विषयावर बोलतो तेव्हा हाच सवाल पहिला येतो. सवाल रास्त आहे. बोलून टाईप करणे सोपे आहेच, आणि ते जरूर वापरावे. पण तीन गोष्टींचा विचार करा.

पहिली गोष्ट खासगीपणाची. बँकेचा पासवर्ड, ओटीपी, डॉक्टरला विचारायचा प्रश्न, मैत्रिणीला पाठवायचा मेसेज, हे सगळे मोठ्याने बोलायचे? दहा माणसांच्या घरात किंवा जळगाव-धुळे एसटीत बसून? सुमारे ९० किलोमीटरच्या त्या प्रवासात शेजारचा प्रवासी सगळे ऐकतो. ब्रेलमध्ये बोटे हलतात, आवाज इयरफोनमध्ये येतो आणि टॉकबॅकमधून स्क्रीनही झाकता येते. वयात आलेल्या मुलीला आपले लिहिणे फक्त आपल्यापुरते ठेवता येणे, ही लहान बाब नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या घरातली बोली म्हणजे उर्दू, मराठी आणि थोडी अहिराणी यांची मिसळ. फोनला ती नेहमी समजत नाही. आपली नावे, आडनावे, गावांची नावे तर फारच बिघडतात. फॉर्मवरचे नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळले नाही तर काय हेलपाटे होतात, हे सांगायला नको.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जे मूल फक्त ऐकून शिकते त्याला शब्दाचे स्पेलिंग कळत नाही. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, स्वल्पविराम कुठे, परिच्छेद कुठे संपतो, हे कानाला नीट कळत नाही. आपल्या समाजात ऐकून हिफ्ज करणाऱ्या अंध हाफिजांची मोठी परंपरा आहे, तिचा आपल्याला अभिमान आहे. पण पाठ असणे वेगळे आणि आपल्या मनातले स्वतः लिहिता येणे वेगळे. कॉलेज, स्पर्धा परीक्षा, नोकरी यांसाठी दुसरेही लागते. जळगावातच दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात दिव्यांग विद्यार्थी, त्यांत अंध मुलेही, राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. म्हणजे वाट दूर मुंबई-पुण्यातच आहे असे नाही.

काही अडचणी आधीच जाणून घ्या

फोन ब्रेलची पाटी-स्टायलस किंवा ब्रेलची पुस्तके यांची जागा घेत नाही. बोटांनी वाचणे कागदावरच शिकावे लागते. म्हणून आधी कागदावर अक्षरओळख, मग फोन. एक फरकही ध्यानात ठेवा. ब्रेल पाटीवर टोच्याने लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलटे टोचावे लागते, कारण कागद पालटून वाचायचा असतो. फोनवर हे उलटे-सुलटे नसते.

काही स्वस्त फोन एकाच वेळी सहा बोटे ओळखत नाहीत. नवा फोन घेण्याआधी दुकानातच ब्रेल कीबोर्ड चालू करून बघा. स्क्रीनची काच तडकलेली असेल तर चुका होतात. आणि आपल्या खान्देशातला मे महिना! घामाने बोटे ओली असतील तर काच नीट दाद देत नाही, जवळ रुमाल ठेवा.

मदत कुठे मागायची?

सगळ्यात आधी जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ब्रेलचा वापर वाढवणे ही त्याच कायद्याने सरकारवर टाकलेली जबाबदारी आहे. मूल जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत असो की मराठी, मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून ब्रेल किट, स्मार्टफोन अशी साधने मिळू शकतात. वयाच्या आणि उत्पन्नाच्या अटी आधी विचारून घ्या. मुंबईत १९५२ पासून काम करणारी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था ब्रेल पुस्तके छापते.

शेवटी एक विनंती. अंध मुलाबरोबर घरातल्या किमान एका डोळस माणसाने हे सहा ठिपके शिकावेत. आपा शिको, चाचा शिको, की दादी शिको. डोळ्यांनी बघून ब्रेल ओळखायला फार दिवस लागत नाहीत, रोज पाच अक्षरे घेतली तरी दोन आठवड्यांत होते. घरात विचारायला कोणी असले की मूल टिकते, एकटे पडले की सोडून देते. आज संध्याकाळी फोन हातात घ्या, सेटिंग्ज उघडा आणि मुलाला त्याचे स्वतःचे नाव लिहायला लावा.