इंग्रजी अवतरणचिन्हांची चार शतकं

१६०३ साली लंडनमध्ये छापलेल्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या पहिल्या छापील प्रतीत एक जागा आजच्या वाचकाला बुचकळ्यात टाकते. मुलगा परदेशी निघालाय, बाप त्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगतोय, आणि त्या ओळींच्या आरंभी उलटे स्वल्पविराम छापलेत. पात्रं तर नाटकभर बोलत असतात. मग खुणा इथंच का? कारण कोण बोललं हे सांगणं तेव्हा त्या खुणेचं काम नव्हतं. हे वचन टिपून ठेवावं, एवढंच ती सुचवायची. तेव्हाचे वाचक आवडलेली वचनं स्वतःच्या वहीत उतरवून घेत, आणि छापणारा त्यांची सोय पाहत होता.

खूण त्याहून जुनी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात अरिस्टार्कस हा विद्वान होमरच्या पोथ्यांच्या समासात बाणाच्या टोकासारखी एक खूण करी. पुढे ख्रिस्ती लेखनिकांनी ती धर्मग्रंथातली वचनं दाखवण्यासाठी उचलली. तरीही १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये पानोपानी संवाद असून अवतरणचिन्ह एकही नाही. स्वल्पविराम, मग मोठं अक्षर. बोलणं सुरू झालं ते त्यावरून ओळखायचं.

चित्र पालटलं ते कादंबरीमुळे. सॅम्युअल रिचर्डसन हा कादंबरीकार स्वतः मुद्रक होता. त्याची ‘क्लॅरिसा’ १७४७-४८ मध्ये आली, आणि ती सगळी पत्रांतून घडते. पत्रात दुसऱ्याचं पत्र, त्यात कुणी कुणाला काय म्हटलं ते. कुठला शब्द कुणाचा, हे चुकलं तर वाचक वाटच हरवेल. त्या शतकात लेखकांनी तिरपी अक्षरं, आडव्या रेघा, उलटे स्वल्पविराम, सगळं करून पाहिलं. सुरुवातीला खूण उद्धृताच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी छापत; शतक सरता सरता ती फक्त दोन टोकांना उरली. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. वचनाचा मान दाखवणारी खूण आता शब्दांची मालकी दाखवू लागली.

जुन्या रीतीची एक आठवण आजच्या नियमात शिल्लक आहे. उद्धृत अनेक परिच्छेदांचं असेल तर इंग्रजीत प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी उघडणारी खूण येते, मिटणारी मात्र अगदी शेवटीच. पुष्कळांना ही छपाईची चूक वाटते. ती चूक नव्हे.

मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. त्याआधी आपल्या बखरींत बोलणं संपल्याचं ‘ऐसे बोलोन’ सारख्या शब्दांतूनच कळे. पुढे आपण एकेरी चिन्हाला आणखी एक काम दिलं: ग्रंथनाम, चित्रपटाचं नाव, जोर द्यायचा शब्द. देवनागरीत तिरपी अक्षरं फारशी शोभत नाहीत, म्हणून ते योग्यच. पण हीच सवय इंग्रजी लिहिताना घात करते. इंग्रजी ग्रंथनाम तिरप्या अक्षरांत जातं. आणि जोर देण्यासाठी एखाद्या शब्दाला अवतरणचिन्हं लावली, तर वाचक उलट त्या शब्दावर संशय घेतो. दुकानाच्या पाटीवर ‘ताजे’ या अर्थाचा शब्द चिन्हांत घातला की माल शिळा असेल असं वाटू लागतं.

१९०६ साली इंग्रजी भाषेचे अभ्यासक फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये आग्रह धरला की एकेरी चिन्ह आधी वापरावं, आणि विरामचिन्ह अर्थ पाहून आत किंवा बाहेर ठेवावं. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाचं नियमपुस्तक प्रसिद्ध झालं. अमेरिकेत दुहेरी चिन्ह आधी. स्वल्पविराम आणि पूर्णविराम आतच, अर्थ काहीही असो. आपल्या शाळांत ब्रिटिश वळण आलं, आता संगणकातून अमेरिकी येतं, आणि एकाच लेखात दोन्ही नांदतात. मला ब्रिटिश रीत सयुक्तिक वाटते, पण खरा दोष सरमिसळीचा. एक वळण निवडावं, ते अखेरपर्यंत पाळावं.

टंकलेखन यंत्रावर जागा वाचवण्यासाठी उघडणारी आणि मिटणारी खूण एकाच सरळ कळीत आली. १९६३ च्या ॲस्की या संगणकीय संकेतावलीनं तेच कायम केलं. वळणदार जोड्या पुढे परत आल्या, पण त्या लावताना संगणक अंदाज बांधतो. वर्षाचे पहिले दोन अंक गाळून नव्वदचं दशक लिहिलं की तो उघडणारी खूण बसवतो. तिथं हवा असतो मिटणाऱ्या खुणेसारखा दिसणारा लोपचिन्हाचा आकार.

या चिन्हांचा सर्वांत गंभीर कस लागला तो न्यायालयात. पत्रकार जॅनेट माल्कम यांनी १९८३ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये मनोविश्लेषक जेफ्री मॅसन यांच्यावर दीर्घ लेख लिहिला. आपल्या तोंडी घातलेली काही वाक्यं आपण बोललोच नाही, असं सांगत मॅसन यांनी दावा लावला. ध्वनिफितींवर ती वाक्यं नव्हती. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की चिन्हांतले शब्द वाचक जसेच्या तसे बोललेले समजतो. मात्र व्याकरण सावरण्यापुरता बदल खोटेपणा ठरत नाही. बदलानं अर्थच पालटला, तर प्रश्न उभा राहतो. १९९४ मध्ये ज्यूरीनं निकाल माल्कम यांच्या बाजूनं दिला. आजही दक्ष इंग्रजी संपादक आपण घातलेला शब्द चौकोनी कंसात ठेवतात, गाळलेल्या जागी तीन टिंबं देतात, आणि मूळ शब्द हाताशी नसतील तेव्हा चिन्हं काढून आशय आपल्या भाषेत सांगतात.