साठ राती

टिपेश्वर अभयारण्यात बुद्धपौर्णिमेला मचाणावर एक रात्र काढली होती. पहाटे पाणवठ्यावर सांबर आलं, आणि नेमका तेव्हाच माझा डावा पाय बधिर झालेला. पाय सरळ करायला गेलो, फळी करकरली, सांबर गेलं. सोबतचा वनमजूर रात्रभर चौघडी घातलेल्या तरटाच्या पोत्यावर जवळजवळ न हलता बसला होता. माझी फजिती बघून एवढंच म्हणाला, "तुमची एकच रात हाय भाऊ. आमच्या गावात साठ राती बसतेत."

तो साठचा आकडा डोक्यातून जाईना. म्हणून पौषात पांढरकवडा तालुक्यातल्या त्याच्या गावी गेलो. अभयारण्य 148 चौरस किलोमीटरचं, पण जंगल संपून शेत कुठं सुरू होतं हे रानडुकराला कोण सांगणार? तूर शेंगांवर आणि हरभरा घाट्यावर आला की गावात जागल सुरू होते. वनमजुराच्या काकांचा माळा बांधावर होता. चार बल्ल्या, वर बांबूंची ताटी, डोक्यावर ताडपत्री.

मी सोबत फोमची घडीची बैठक नेली होती. परदेशात हरणाच्या शिकारीला तासन्‌तास दबा धरून बसणारे लोक असल्याच बैठका वापरतात आणि त्यांचं वजन ग्रॅममध्ये मोजतात. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीची मचाणं मोडली. न हलता, न खोकता बसणं मात्र राहिलं. ते आता जागलीवाल्याच्या वाट्याला आलंय.

काकांनी बैठक हातात घेतली, दाबली, नखानं खरवडली. "आवाज करते," म्हणाले. मग आपली एकेक वस्तू दाखवली. खताचं पांढरं पोतं हलकं, पण जरा सरकलं की कुरकुरतं. डुकराची नजर अधू, कान आणि नाक तिखट. कापसाची गादी घरची, पण दवानं भिजली की उचलवत नाही. सोयाबीनचं कुटार भरलेलं पोतं उबदार, पण रात्रभर खाजवायला लावतं. म्हणून शेवटी तरट. मऊ नाही, घसरत नाही, वाजत नाही.

"पन याच्यावर हाडं दुखत नाईत का?" मीही त्यांच्याच बोलीत शिरलो.

"दुखतेत ना. दुखाले पाह्यजे. लई नरम भेटलं का डोया लागते, अन् डोया लागला का डुक्कर आत."

इथं माझी सगळी खरेदी उलटी पडली. मी आरामाचं आसन शोधत होतो, त्यांना जागं ठेवणारं हवं होतं.

नऊनंतर गारठा बांबूंच्या फटींतून खालून वर येऊ लागला. बसलेल्या माणसाचं बरंचसं वजन बुडाच्या दोन हाडांवर येतं. आधी तिथं कळ, मग मांडीला मुंग्या, मग काहीच नाही. काका दर थोड्या वेळानं एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर भार टाकत. इतकं सावकाश, की ताटीला कळू नये. साडेअकराला तुरीत खसखस झाली. त्यांनी आधी टॉर्च लावला नाही. उकिडवे झाले, उभे राहिले आणि मगच "हुर्र्ये" अशी आरोळी ठोकली. चार-पाच काळे गोळे बांधापलीकडे पळाले.

"बसता कोनालेही येते भाऊ. खरी गोस्ट उठाची हाय."

बधिर पायांनी माळ्यावरून पडलेला गावातला एक जण अजून लंगडतो, असं ते सहज सांगून गेले. नुकसानीचा पंचनामा होतो, भरपाईही मिळते. पण तुटलेल्या झोपेचा रकाना कुठल्याच अर्जात नसतो. सौर झटका मशीनच्या कुंपणाबद्दल विचारलं तर म्हणाले, घेतलेल्यांच्या वावरातली डुकरं आता न घेतलेल्यांच्या वावरात येतात.

पहाटे दव पडलं. तरटाच्या कडा ओल्याचिंब झाल्या. फोमवरचं पाणी मी तळव्यानं निपटून काढलं आणि तो कोरडाठाक. बंद कप्प्यांच्या फोममध्ये पाणी शिरत नाही, आणि कप्प्यांत कोंडलेली हवा गारठा अडवते. काका ते बघत होते. काही न बोलता त्यांनी फोम ताटीवर ठेवला, वर तरट अंथरलं आणि बसून पाहिलं. वाजलं नाही. घसरलं नाही. दोन्ही अंगांना भार टाकून पाहिला, मग उठून पाहिलं. उठून दोनदा पाहिलं.

"हे ठिवून जा," म्हणाले.

"झोप लागली तर?"

"खालून गारवा येनार नाई, एवढंच. वरून हाडाले तरट टोचतेच हाय."

मी खाली उतरलो तेव्हा गुडघे माझं ऐकत नव्हते. माझी एक रात्र झाली होती. त्यांची, मोजून, सतरावी.