तीच अक्षरे, निराळे अर्थ

पत्राच्या माथ्यावर आपण ‘ता. १५’ असे लिहितो आणि त्याच पत्राच्या पत्त्यात ‘ता. निफाड’ असेही लिहितो. पहिल्या ठिकाणी तारीख अभिप्रेत असते, दुसऱ्या ठिकाणी तालुका. शेवटी ‘ता. क.’ आले म्हणजे तेथे ताजा कलम समजावयाचा. एका अक्षराचे असे तीन अर्थ असूनही कोणी तारखेला तालुका समजल्याचे ऐकिवात नाही. अक्षरापुढे आकडा आला की तारीख आणि गावाचे नाव आले की तालुका, हा संकेत लहानपणापासूनच आपल्या अंगवळणी पडलेला असतो. संक्षेपाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यावरून ठरतो, आणि आपल्या भाषेत तो शेजारी ओळखीचा असतो.

इंग्रजी आद्याक्षरांच्या बाबतीत ही सोय आपोआप लाभत नाही. सन १९६६ मध्ये अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर सुधारित बियाणे, रासायनिक खते व औषधे खेडोपाडी पोहोचली आणि त्यांच्याबरोबर ही अक्षरेही पोहोचली. मूळ इंग्रजी शब्द पुरते कधी कानी पडलेच नाहीत; त्यामुळे अक्षरे हेच वस्तूचे नाव होऊन बसले. शिवाय मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, पशुवैद्यक, सहकार, वीज या प्रत्येक शाखेने आपापले संक्षेप आपापल्या घरी तयार केले. शेजारच्या शाखेने तीच अक्षरे घेतली आहेत काय, याची चौकशी कोणी केली नाही. शेतकऱ्याच्या घरी मात्र या सर्व शाखांचे कागद एकाच फडताळात येऊन पडतात.

उदाहरणादाखल ‘ई.सी.’ ही दोन अक्षरे घेऊ. केंद्र शासनाची मृदा आरोग्य पत्रिका योजना सन २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या पत्रिकेवर बारा घटकांची नोंद असते व त्यांत ‘ई.सी.’ हा एक घटक असतो. येथे तिचा अर्थ जमिनीची विद्युतवाहकता असा आहे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांतून वीज वाहते. क्षार जितके अधिक तितकी वाहकता अधिक. म्हणजे हा आकडा जमिनीतील विद्राव्य क्षारांचे माप होय व तो डेसीसायमन प्रति मीटर या एककात देतात. नेहमीच्या माती परीक्षणात तो एकाच्या आत असल्यास जमीन क्षारांच्या दृष्टीने निर्धोक समजली जाते. त्यापुढे तो चढू लागला की प्रथम उगवणीवर व पुढे पिकाच्या वाढीवर परिणाम दिसू लागतो. नीरा, प्रवरा व कृष्णा यांच्या खोऱ्यांतील बारमाही पाण्याच्या पट्ट्यांत क्षारपड जमिनीचा अनुभव घेतलेल्या बागायतदारांना या आकड्याचे महत्त्व सांगावयास नको.

तोच शेतकरी औषधाची बाटली हाती घेतो, तेव्हा तीवर ‘क्लोरपायरीफॉस २० ई.सी.’ असे छापलेले असते. या ‘ई.सी.’चा क्षारांशी कसलाही संबंध नाही. ज्या औषधात मूळ विष एखाद्या तेलकट द्रावकात विरघळवून त्यात पायसकारक द्रव्य घातलेले असते, त्या प्रकारच्या औषधाचे हे नाव आहे. पाण्यात ओतताच ते दुधासारखे पांढरे होते, ही त्याची ओळख. द्रावक बहुधा ज्वालाग्राही असल्याने अशी बाटली चुलीपासून व विडीकाडीपासून दूर ठेवावयाची असते, आणि ते कातडीतून सहज शोषले जात असल्याने उघड्या हाताने ढवळणे धोक्याचे असते. म्हणजे मातीच्या कागदावर ‘ई.सी. २०’ असा आकडा दिसला तर ती जमीन जवळजवळ नापीक ठरेल. बाटलीवर ‘२० ई.सी.’ असे असेल तर त्यात शेकडा वीस भाग विष आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. याच अक्षरांचा तिसरा अर्थ कृषी सेवा केंद्राच्या चालकास चांगला ठाऊक असतो. तो म्हणजे सन १९५५ चा जीवनावश्यक वस्तू अधिनियम. सन १९८५ चा खत नियंत्रण आदेश याच अधिनियमाखाली निघालेला आहे.

औषधाच्या बाटलीवरील अक्षरे आणि त्यांच्या शेजारचा आकडा ही जोडी नेहमी एकत्रच वाचावयाची असते, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. इमिडाक्लोप्रिड हे एकच औषध बाजारात १७.८ एस.एल., ७० डब्ल्यू.जी. व ४८ एफ.एस. अशा निरनिराळ्या रूपांत मिळते. एस.एल. म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारा द्रव, डब्ल्यू.जी. म्हणजे पाण्यात विखुरणारे बारीक दाणे व एफ.एस. म्हणजे बीजप्रक्रियेसाठी केलेला दाट प्रवाही प्रकार. पहिल्याच्या १०० ग्रॅममध्ये १७.८ ग्रॅम औषध असते, तर दुसऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये ७० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चौपट. शेजाऱ्याने ‘इमिडा’ अमुक इतके टाकले, एवढेच ऐकून दुसऱ्या रूपाचे तेवढेच माप पंपात टाकल्यास पिकास व फवारणाऱ्यास काय भोगावे लागेल, याचा हिशेब प्रत्येकाने करावा. दुकानात नुसते ‘इमिडा द्या’ म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती प्रस्तुत लेखकास मुळीच पसंत नाही.

एफ.एस. ही अक्षरेही एकट्या औषधाची नाहीत. बियाण्याच्या पिशवीस लावलेल्या खुणचिठ्ठीवर एफ.एस. म्हणजे पायाभूत बियाणे. त्याची चिठ्ठी पांढरी असते व प्रमाणित बियाण्याची निळी. बीजोत्पादन घेणारा शेतकरी पायाभूत बियाणे पेरून त्यापासून प्रमाणित बियाणे तयार करतो, म्हणून त्याला या चिठ्ठीचे महत्त्व फार. तिकडे पशुवैद्यकीय दवाखान्यात गोठविलेल्या रेतासही एफ.एस. असेच लिहितात; ते उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नत्रात सांभाळलेले असते. एकाच घरात बीजोत्पादनाचा प्लॉट, बीजप्रक्रियेची बाटली आणि माजावर आलेली गाय या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येऊ शकतात.

खताच्या बाबतीत ‘डी.ए.पी.’ हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. डायअमोनियम फॉस्फेट असे त्याचे पूर्ण नाव असून पोत्यावर १८:४६ असे प्रमाण छापलेले असते. म्हणजे ५० किलोच्या पोत्यातून ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद मिळते. परंतु इंग्रजी संशोधन अहवालांत आणि त्यांवरून उतरविलेल्या तक्त्यांत ‘डी.ए.पी.’चा अर्थ ‘लागवडीनंतरचे दिवस’ असाही असतो. ‘नत्राचा हप्ता, ४५ डी.ए.पी.’ अशी ओळ हळदीच्या किंवा उसाच्या तक्त्यात आली, तर तिचा अर्थ लागवडीनंतर ४५ दिवसांनी नत्र द्यावे असा आहे. ज्याला हा दुसरा अर्थ ठाऊक नाही तो ती ४५ किलो डी.ए.पी. अशी वाचील, आणि त्यात त्याचा दोष काहीच नाही. त्या ४५ किलोंतून पिकास जेमतेम ८ किलो नत्र मिळेल. उरलेले सुमारे २१ किलो स्फुरद उभ्या पिकात वरून टाकल्याने वरच्या थरातच अडकून राहील. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर ते चुन्याशी बांधले जाऊन मुळांना दुर्लभ होईल. स्फुरद लागवडीच्या वेळीच मुळांच्या कक्षेत पडावे असे सांगतात ते याच कारणाने. अशा रीतीने नत्राचा हप्ता चुकतो, पोत्याचे पैसे जातात, आणि तक्ता मात्र बिनचूक असतो!

अलीकडे सर्वांत अधिक गडबड उडविणारी अक्षरे म्हणजे ‘ए.आय.’ होत. गोपालकाला त्यांचा अर्थ कृत्रिम रेतन असा ठाऊक आहे. गाय सकाळी माजावर दिसली तर सायंकाळी, सायंकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा नियम दूध उत्पादकांच्या परिचयाचा आहे. कुक्कुटपालकांना ही अक्षरे ऐकताच धडकी भरते, कारण त्यांच्या व्यवसायात ती बर्ड फ्लूची खूण आहे. भारतात हा रोग कोंबड्यांमध्ये प्रथम आढळला तो नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, सन २००६ च्या फेब्रुवारीत, आणि त्या वेळी लक्षावधी पक्षी नष्ट करावे लागले होते. कीटकशास्त्राच्या शिफारशीत हीच अक्षरे ‘क्रियाशील घटक’ या अर्थाने येतात, आणि येथे ती चुकीची वाचल्यास नुकसान होते. ‘हेक्टरी ५० ग्रॅम ए.आय.’ अशी शिफारस असून बाटलीतील औषध शेकडा २५ भागांचे असेल, तर प्रत्यक्षात २०० ग्रॅम औषध मोजावे लागते. शिफारशीतील आकड्यास शंभराने गुणून बाटलीवरील टक्केवारीने भागले म्हणजे हे उत्तर येते. बाटलीतील औषध ५० ग्रॅमच मोजणाऱ्याच्या शेतात शिफारशीच्या चौथ्या हिश्शाइतकेच विष पडते. कीड मरत नाही, उलट त्या औषधास निर्ढावते.

आता या तिन्ही अर्थांवर चौथ्याने मात केली आहे, तो म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. महाराष्ट्र शासनाने सन २०२५ मध्ये शेतीत तिचा वापर करण्यासंबंधीचे धोरण मंजूर केले आणि तेव्हापासून ऊस व इतर पिकांच्या संदर्भात हा शब्द गावोगाव ऐकू येतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ‘ए.आय. प्रशिक्षण’ एवढेच लिहिल्यास गोठ्याचा विचार करणारा व मोबाइलचा विचार करणारा असे दोघेही येतील, आणि त्यांतील एक निराश होऊन परतेल. फळ्यावर आणखी दोन शब्द लिहिण्यास खडू काही फारसा लागत नाही.

काळ बदलला म्हणजेही अक्षरांचा अर्थ पालटतो. सन १९५५ च्या फळ उत्पादन आदेशावरून मुरंब्याच्या व लोणच्याच्या बाटल्यांवर पूर्वी ‘एफ.पी.ओ.’ची खूण असे, आणि फळप्रक्रियेवरील जुन्या पुस्तकांत ‘एफ.पी.ओ. परवाना घ्यावा’ असा सल्ला आढळतो. सन २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याची अंमलबजावणी सुरू झाल्यावर तो आदेश रद्द झाला असून आता परवाना वा नोंदणी त्या नव्या कायद्याखाली घ्यावयाची असते. आज एफ.पी.ओ. म्हणजे शेतकरी उत्पादक संस्था. अशी एखादी संस्था आवळ्याचा मुरंबा करावयास निघाली व तिने जुने पुस्तक उघडले, तर आपल्याच नावाचा परवाना आपण कोठून आणावा असा पेच तिच्यापुढे पडेल. ऊस उत्पादकांच्या परिचयाची ‘एस.एम.पी.’, म्हणजे वैधानिक किमान किंमत, सन २००९ मध्ये जाऊन तिच्या जागी ‘एफ.आर.पी.’ आली. दूध संघाच्या अहवालात मात्र एस.एम.पी. अजून आहे, तेथे ती स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी असते.

‘डी.पी. जळाली’ या वाक्याचा अर्थ ग्रामीण महाराष्ट्रात कोणासही विचारावा लागत नाही. विजेचे रोहित्र गेले आणि पिकाचे पाणी थांबले, हे तत्काळ कळते. शहराच्या वेशीवर ज्यांची जमीन आहे त्यांना डी.पी. म्हणजे विकास आराखडा. त्यातून रस्ता गेला की नाही यावर त्यांची झोप अवलंबून असते. औषधाच्या पिशवीवर डी.पी. म्हणजे धुरळणीची भुकटी. ती पाण्यात कालवून फवारण्यासाठी नसते. तशी फवारण्याजोगी भुकटी डब्ल्यू.पी. या नावाने मिळते.

या घोटाळ्यावर उपाय अवघड नाही, परंतु तो प्रथम लिहिणाऱ्याने करावयाचा आहे. शिफारस, तक्ता अथवा सूचनाफलक तयार करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने संक्षेप पहिल्यांदा येईल तेथे त्याचे पूर्ण नाव मराठीत लिहावे. ‘लागवडीनंतर ४५ दिवसांनी’ या शब्दांनी कागदावर जागा अधिक व्यापली तरी चालेल. वाचणाऱ्याने अक्षरांच्या मागचापुढचा आकडा आणि एकक पाहावे. किलो, ग्रॅम, दिवस, टक्के यांपैकी काहीच लिहिलेले नसेल तर तो कागद अपुरा समजावा व सहायक कृषी अधिकाऱ्यास विचारल्यावाचून त्याप्रमाणे काही करू नये. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विचारताना बाटलीवरील संपूर्ण ओळ आकड्यासह वाचून दाखवावी.

विषबाधेच्या प्रसंगी तर हे अत्यंत निकडीचे आहे. सन २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. दवाखान्यात ‘ई.सी. अंगावर सांडले’ एवढेच सांगितल्यास डॉक्टरांना विषासंबंधी काहीही कळत नाही. क्लोरपायरीफॉस २० ई.सी. हे सेंद्रिय फॉस्फरसवर्गातील विष असून त्यावर ॲट्रोपिन हे उतारा म्हणून देतात. सायपरमेथ्रिन २५ ई.सी. हे निराळ्या वर्गातील असून त्यावर खास असा उतारा नाही, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. दोन्ही बाटल्यांवर अक्षरे तीच, दोन्हींचे पाणी सारखेच दुधाळ. म्हणून रुग्णाबरोबर औषधाची मूळ बाटली किंवा तिच्यावरील लेबल, आणि सोबतचे माहितीपत्रक असल्यास तेही, दवाखान्यात न्यावे. उताऱ्याची माहिती त्यावर छापलेली असते. बाटली गळत असल्यास ती पिशवीत बांधून न्यावी, आणि फवारणी संपेपर्यंत कोणतेही लेबल फाडून टाकू नये.