गोडी छाटणीनंतरची गोडी

(लेखमाला : पाहुण्याची पिशवी, लेखांक ६)

जानेवारीतला एखादा शनिवार घ्या. मुंबईची एक गाडी कसाऱ्याहून विहीगाव-खोडाळा करत मोखाड्याच्या डोंगरातल्या सूर्यमाळला निघाली आहे. दुसरी नाशिकहून त्र्यंबकेश्वर ओलांडून मोखाड्याच्या वळणांवर लागली आहे. दोघांनाही रात्री एकाच घरी जेवायचं आहे. मुंबईकरांच्या मांडीवर मिठाईचा खोका आहे आणि तो मांडीवरच राहणार, कारण मागच्या सीटवर ठेवला की बर्फी सरकते. नाशिककरांच्या पायाशी एक लहानशी बाटली आहे, नेहमीच्या वाइनच्या बाटलीच्या निम्मी, आत मधाच्या रंगाचं काहीतरी. या आठवड्याचा विषय ती बाटली.

महाराष्ट्रात ‘वाइन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात वाइन सोडून सगळं मिळतं, हा विनोद आता जुना झाला. पण गोड वाइन मागायला गेलेल्या माणसाला तो अजून नवा वाटतो. दुकानदार बहुतेक वेळा ‘पोर्ट’ असं लिहिलेली लाल बाटली पुढे सरकवतो. गोव्याहून परतताना काजूच्या पाकिटाशेजारी जी हमखास येते, त्याच जातीची. तिला नावं ठेवायचं कारण नाही; पण तिचं नाव मात्र उसनं आहे. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. तिथे द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाची ब्रँडी ओततात, यीस्ट मरतं, न आंबलेली साखर तशीच राहते आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांपर्यंत चढतं. आपल्याकडच्या स्वस्त ‘पोर्ट’चा या कारभाराशी फारसा संबंध नसतो. गोड लाल वाइन एवढाच तिचा अर्थ.

वाइन गोड राहते ती यीस्टचं काम अपुरं राहिलं म्हणून. यीस्ट द्राक्षातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. सगळी खाल्ली की वाइन कोरडी, म्हणजे ‘ड्राय’. डोरोसारखं ते मध्येच मारलं, किंवा इटलीतल्या मोस्कातो द’आस्तीसारखं थंड करून थांबवलं, किंवा रसात मुळातच इतकी साखर असली की ते दमून थांबलं, तर उरलेली साखर बाटलीत येते. तिसरा मार्ग सगळ्यात वेळखाऊ. नाशिककरांच्या पायाशी असलेली बाटली त्याच मार्गाने आलेली आहे.

नाशिक, दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला या प्रक्रियेतलं निम्मं आधीच ठाऊक असतं. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना होणारी गोडी छाटणी. दुसरीचं नावच तिचं काम सांगतं. तिच्यानंतर येणारा घड जानेवारी ते मार्च या काळात उतरतो. वाइनची द्राक्षं साधारण २२ ते २४ ब्रिक्सला खुडतात. ब्रिक्स म्हणजे रसात किती साखर ते दाखवणारं माप, रिफ्रॅक्टोमीटरच्या भिंगातून वाचायचं. लेट हार्वेस्ट वाइनसाठी हेच घड आणखी काही आठवडे वेलीवर ठेवतात. फेब्रुवारी-मार्चचं ऊन मण्यातलं पाणी ओढून घेतं, साल सुरकुतते, मणी मनुक्याच्या वाटेला लागतो. रस थोडा निघतो, पण दाट आणि गोड निघतो. शेतकऱ्याच्या हिशेबात हा सरळसरळ जुगार आहे. वजन रोज घटतंय, पाखरं टपलेली आहेत आणि आकाशाचा भरवसा नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, ती ज्यांनी पाहिली, त्यांना पिकलेला घड मुद्दाम वेलीवर ठेवणारा माणूस वेडाच वाटेल. अर्ध्या बाटलीची किंमत कधीकधी पूर्ण बाटलीच्या जवळ का जाते, याचं उत्तर या जुगारात आहे.

नाशिकमध्ये या कामाला मुख्यतः शेनिन ब्लांक हे द्राक्ष वापरतात. मूळचं फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात सुला ही वायनरी उभी केली, तेव्हा सुरुवातीला लावलेल्या वाणांत ते होतं आणि पुढे नाशिकच्या मातीत रुळलं. याचा मोठा गुण म्हणजे आंबटपणा. द्राक्ष कितीही पिकलं तरी तो पुरता सोडून जात नाही. नुसती साखर असलेली वाइन दुसऱ्या घोटाला पाकासारखी लागते. आंबटपणा असला की तिसरा घोट घ्यावासा वाटतो. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लांक ३७५ मिलिलिटरच्या बाटलीत मिळते. यॉर्क आणि निफाड तालुक्यातली रेव्हेलो या वायनरींनीही याच नावाने वाइन केली आहे. दुकानात यांपैकी एखादी तरी सापडली तर पाहुण्याचं काम झालं.

फ्रान्समधल्या सोतेर्नमध्ये हीच गोडी बुरशी आणते. तिथे सिरों नावाची लहान थंड नदी गारोन नदीला मिळते, शरद ऋतूत सकाळी धुकं दाटतं आणि दुपारी ऊन पडतं. धुक्यात बोट्रायटिस ही बुरशी घडावर बसते, सालीला बारीक छिद्रं पाडते आणि उन्हात पाणी उडून जातं. अशी कुजकी द्राक्षं माणसं एकेक मणी निवडत, अनेक फेऱ्यांत खुडतात. शातो दिकेम या तिथल्या सर्वात नामवंत बागेबद्दल सांगतात की एका वेलीतून एक पेला वाइन निघते. तिची १८११ सालची एक बाटली २०११मध्ये ७५,००० पौंडांना विकली गेली. भुरी आणि डाऊनी या बुरशींच्या भीतीने पहाटे फवारणीला उठणाऱ्या पिंपळगावच्या शेतकऱ्याला हे सांगून पाहावं. तो आधी हसेल आणि मग भाव विचारेल.

इथवर ठीक. खरी अडचण पानावर आहे.

‘डेझर्ट वाइन’ या नावातच एक गृहीत आहे: गोड जेवणाच्या शेवटी येतं. युरोपातलं जेवण तसंच चालतं. मराठी पान तसं चालत नाही. इथे श्रीखंड, पुरणपोळी, बासुंदी पहिल्या वाढपापासूनच पानात असते. पुरीचा एक घास श्रीखंडाचा, पुढचा बटाट्याच्या भाजीचा, मध्ये कोशिंबीर, मध्ये तळण. गोड हा जेवणाचा शेवट नसतो. तो जेवणाचा एक भागीदार असतो. शेवटी येतो तो ताक-भात आणि मग विडा. गोड वाइनला बसायला युरोपने जी खुर्ची ठेवली आहे, ती आपल्या पंगतीत नाहीच.

त्यात आणखी एक हिशेब आड येतो. वाइनवाले एक नियम सांगतात आणि तो खरा आहे: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट आणि पातळ लागते. आता श्रीखंड पाहू. चक्का आणि साखर निम्मे-निम्मे हे कितीतरी घरांतलं प्रमाण. म्हणजे शंभर ग्रॅम श्रीखंडात पन्नासेक ग्रॅम साखर. सोतेर्नसारख्या नावाजलेल्या गोड वाइनमध्ये लिटरला १२० ते १५० ग्रॅम, म्हणजे शंभर मिलिलिटरला बारा-पंधरा. श्रीखंडाचा घास घेऊन वर ही वाइन प्यायली तर हजारोंची बाटलीसुद्धा लिंबूपाण्यासारखी लागेल. बासुंदी, आमरस, गुलाबजाम यांचंही तेच. मिठाईच्या खोक्याशेजारी लेट हार्वेस्टची बाटली ठेवणं म्हणजे दोघांचंही नुकसान.

मग ती कशाबरोबर? फ्रेंच लोक सोतेर्नबरोबर रोकफोर नावाचं खारट, निळ्या बुरशीचं चीज खातात. खारटाशी गोड जमतं, हे त्यांनी आपल्याला शिकवायची गरज नाही. चिवड्यात साखरेची चिमूट टाकणाऱ्या लोकांना ते माहीत आहे. गोडी तिखटाची धार बोथट करते, उलट जास्त अल्कोहोल ती भडकवतं. म्हणून तिखटाबरोबर व्हिस्कीपेक्षा हलकी गोड वाइन जिभेला बरी वाटते. सूर्यमाळच्या पानात तर तिच्यासाठी भरपूर काही आहे. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर नागली, वरई आणि खुरासणी पिकते. खुरासणीची काळी, तेलकट, लसूण घातलेली चटणी, तव्यावर भाजलेले खारे शेंगदाणे, गावठी कोंबडीचा रस्सा: यांतल्या कशाबरोबरही थंड लेट हार्वेस्टचा छोटा पेला जमून जातो. गोडच हवं असेल तर गुळाचा, बेताच्या गोडीचा नागलीचा लाडू. त्याचा भाजका, किंचित कडसर वास वाइनच्या मधासारख्या वासाशी भांडत नाही. तात्पर्य असं की बाटली जेवणानंतर न उघडता जेवणाआधी, शेकोटीभोवती, खारं-तिखट फिरत असताना उघडावी. नाव डेझर्ट वाइन असलं तरी.

खरेदीआधी एक फोन. “वहिनी, शनिवारी येताना एक छोटी गोड वाइन आणली तर चालेल ना?” एवढं विचारण्यात पाहुण्याचा कमीपणा नाही. घरात कुणाचा मार्गशीर्षातला गुरुवार, कुणाची चतुर्थी; एखाद्या घरी दारूला मुळातच मज्जाव. उत्तर थोडं जरी अडखळत आलं तरी बाटलीऐवजी नाशिकचे मनुके न्यावेत. तेही उन्हानेच गोड झालेले असतात.

दुसरं पंचांग सरकारचं. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली की सूर्यमाळच्या वाटेवर गाड्या वाढतात आणि नेमकी २६ जानेवारीला दुकानं बंद असतात. ३० जानेवारी, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी हेही कोरडे दिवस. सुपरमार्केटमधून वाइन विकू द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी घेतला, त्यावर मोठा वाद झाला आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. त्यामुळे वाण्याकडे किराणा घेताघेता बाटली उचलू, अशा बेतात राहू नये. नाशिक सोडण्याआधी, शक्यतो वायनरीतूनच ती घ्यावी.

दुकानात पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. लेबलवर ‘लेट हार्वेस्ट’ किंवा ‘डेझर्ट वाइन’ असे शब्द हवेत. ‘सेमी स्वीट’ म्हणजे नुसती गोडसर. साल शक्य तितकं अलीकडचं. या वाइन मुरतात हे खरं, पण थंड तळघरात. ट्यूबलाइटखाली, उन्हाच्या काचेमागे त्या मुरत नाहीत, शिजतात. म्हणून खिडकीतली बाटली सोडून फ्रिजमधली मागावी. नव्या सालाची वाइन सोनेरी असायला हवी; तपकिरी झाली असेल, किंवा बुचाखालून ओघळ दिसत असेल, तर दुकानदाराच्या ‘जुनी म्हणून भारी’ या म्हणण्यावर विश्वास ठेवू नये.

समुद्राच्या बाजूने येणाऱ्यांना आणखी एक पर्याय आहे आणि तो याच जिल्ह्यातला. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघरमध्ये एका टोकाला मोखाड्याचे डोंगर, दुसऱ्या टोकाला डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्या. या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बोर्डीला प्रियांका सावे यांच्या हिल झिल वाइन्सने याच चिकूपासून ‘फ्रुझांते’ नावाची फेसाळ वाइन काढली. सोतेर्नच्या दाट गोडीची अपेक्षा तिच्याकडून करू नये, ती हलकी आहे. पण यजमान वारली, कोकणा किंवा ठाकर कुटुंबातले असतील तर नाशिकच्या फ्रेंच द्राक्षापेक्षा चिकूची बाटली गप्पांना लवकर तोंड फोडते. त्यांच्या घरी कदाचित मोहाची निघेल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली वेचलेली, वाळवलेली, साखरेने चिकट झालेली फुलं. त्यांची ऊर्ध्वपातन केलेली दारू कोरडी आणि जोरदार असते, पण नाकाला गोड. तिच्यासमोर आपल्या बाटलीची किंमत सांगत बसणाऱ्या पाहुण्याला पुढच्या वेळी बोलावणं येणं कठीण.

उरला प्रश्न थंडाव्याचा. गोड वाइन ८ ते १० अंशांच्या आसपास हवी. कोमट झाली की नुसती साखर पुढे येते. दुपारच्या उन्हात बंद गाडीत दोन तास राहिलेली बाटली सूर्यमाळच्या संध्याकाळनेही पुरेशी गार होत नाही. बर्फ मिळाला तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडेमीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. वीसेक मिनिटांत काम होतं. कुल्फीच्या पिंपाची हीच युक्ती. पेले लहान, चहाच्या कटिंगच्या मापाचे, निम्मे भरलेले. ३७५ मिलिलिटरमध्ये सहा माणसांचं भागतं. रात्री गाडी चालवणाऱ्याला मात्र एकही पेला नको, कारण कसाऱ्याचा घाट रात्री धुक्यात असतो.

आणि पुरली नाही तर? उलटंच होतं, बऱ्याचदा उरते. मग बूच उलटं न करता घट्ट लावून ती यजमानांच्या फ्रिजमध्ये ठेवावी. कोरडी वाइन दोन-तीन दिवसांत उतरते, ही मात्र साखरेमुळे आठवडाभर चांगली राहते. परत मागून घ्यायची नाही. सोमवारी सकाळी पाहुणे आपापल्या वाटेने उतरून गेलेले असतात, मिठाईच्या खोक्यातल्या बर्फीला कडा सुटलेल्या असतात आणि संध्याकाळी वहिनी उरलेल्या शेंगदाण्यांची वाटी घेऊन फ्रिज उघडतात.

(पुढच्या आठवड्यात : डहाणूच्या किनाऱ्यावरची ताडी)