फिटायचा राहिलेला दिवस

पहाटे ५
पाऊस रात्रभर कौलांवर वाजत होता. तोरणा ढगात बुडालाय. पडवीतला दिवा लावला की दाराआडची भिंत उजळते आणि तिच्यावरच्या गेरूच्या रेघा दिसतात. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं घराघराची चित्रं काढलेली. ज्या घरात दारापुढं आंबा, त्याचं आंब्याचं पान; ज्यांच्याकडं देवळातली पूजा, त्यांची घंटा. त्या घरातलं माणूस आमच्या खाचरात राबलं की चित्रापुढं एक रेघ. आमच्यातलं कुणी जाऊन दिवस फेडला की रेघ खोडायची. दिवसाला दिवस, ही सावड. आंब्याच्या पानापुढं एक रेघ अजून तशीच आहे. ती फेडायला मी काल स्वारगेटवरून शेवटच्या एसटीनं आले.

आजी माघात गेली. पंच्याण्णवच्या पुढं-मागं असेल. जन्मतारीख कुठंच नाही. भोर संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा थोरली आत्या पाळण्यात होती, एवढाच तिच्या वयाचा हिशोब.

सकाळी ७
आंब्याच्या पानाच्या घरातल्या काकींच्या रोपाच्या वाफ्यात आम्ही सात बायका उकिडव्या बसलोय. उन्हाळ्यात राब भाजून तयार केलेली ही जागा. रोप मुळासकट उपटायचं, पायावर आपटून माती झाडायची, पाण्यात खळबळायचं आणि मूठ बांधायची. वाण इंद्रायणी, आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेला. आजी शेवटपर्यंत एका कोपऱ्यात जुना आंबेमोहर लावायची. बाळंतिणीच्या घरी पेजेला तोच तांदूळ जायचा, न मागता.

सकाळी ९
काकींच्या खाचरात पॉवर टिलर चिखलणी करतोय. पूर्वी इर्जिक असायचं: गावातली बैलं एका खाचरात जमायची, चिखल झाला की पुढच्या खाचरात. कुणाचं आधी, यावरून कुरबुर व्हायची. ज्या घरात बाप्या माणूस नाही, तिथं पहिली जोडी जाणार, असं आजी सांगायची. वाद वाढला तर स्वतःची जोडी सोडून तिकडं नेऊन उभी करायची. मग बाकीच्यांना मागं राहणं जड जायचं.

दुपारी १२
बांधावर जेवण. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, कांदा. लावणीच्या दिवशी जेवण खाचरवाल्याचं, हा सावडीचा नियम. भाकरीवर पाऊस पडतो, कुणी उठत नाही.

काकी म्हणाल्या, "तुझ्या आजीनं माझा दिस मुद्दाम ठिवला व्हता. मी म्हनलं, फेडून टाका की. तर म्हनती, फिटला की येनं-जानं खुंटतं."

ही शिकवण आजीच्या माहेरची. वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण १९२८ साली पुरं झालं. खालच्या बारामती, फलटणकडच्या रानाला पाणी मिळालं आणि आजीच्या आईची खाचरं त्याच पाण्याखाली गेली. आजी तेव्हा जन्मालाही आली नव्हती, पण ते तिला पाठ होतं. वरच्या अंगाला नवं घर उभारायला कोण कोण आलं, हे ती माणसामाणसानं सांगायची. ज्यांचे दिवस द्यायचे होते तेही आले आणि ज्यांच्याकडून घ्यायचे होते तेही. "जिमीन बुडाली, दिस बुडालं न्हाईत," असं आईचं वाक्य ती सांगायची. डोंगर ओलांडून वेल्ह्याच्या बाजूला सासरी आली ती हाच हिशोब घेऊन.

दुपारी ३
पाऊस वाढलाय. अंगावर प्लॅस्टिकची खोळ, पाय पोटरीपर्यंत गाळात. अंगठा आणि दोन बोटांत तीन-चार काड्या धरायच्या, चिखलात रोवायच्या, एक पाऊल मागं. कंबर ताठ करायला उभं राहिलं की पुढं लावलेलं हिरवं दिसतं आणि पुन्हा वाकवतं.

सावडीला एक खोट आहे. ज्याला खाचरच नाही त्यानं दिलेला दिवस परत कुठं फेडायचा? भिंतीवर एक चित्र नुसत्या चुलीचं आहे. त्या घराला जमीन नव्हती. त्यांच्यापुढच्या रेघा आजीनं कौलं शेकारून, लाकडं फोडून, दोन लेकींच्या लग्नांत राबून खोडल्या. भातही दिला, पण तेवढ्यानं रेघ खोडली नाही. "भात दिला म्हंजी मजुरी झाली. त्यांनी दिस दिलाय," असं तिचं म्हणणं. मी शहरात पगार घेते, तिथं हा फरक मला रोज आठवतो.

आता निम्म्या खाचरांत बाहेरच्या मजुरांचे टेम्पो येतात. पोरं पुण्यात आहेत, मीही त्यातलीच. आज आम्ही सात जणी आहोत. आजीच्या उमेदीत एका खाचरात वीस-पंचवीस असायच्या.

संध्याकाळी ६
ओढ्यावर हातपाय धुतले. नखांतला गाळ निघत नाही. काकींनी माझे तळवे उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "फिटला बरं का. आज म्हातारी मोकळी झाली."

मला एकदम रडू आलं. दहाव्याला आलं नव्हतं तेवढं.

काकी थोडा वेळ गप्प उभ्या राहिल्या. मग पदरानं माझं तोंड पुसून म्हणाल्या, "मंगळवारी तुमच्या खाचरात येते. सुनेलाबी आनते. तू नसलीस तरी चालंल, पन पुढच्या साली यायचं."

रात्री ८
गेरूचा खडा देवळीत होता, आजीनं ठेवला तिथंच. पाण्यात बुडवून आंब्याच्या पानापुढची रेघ खोडली. मंगळवारच्या दोन रेघांसाठी शेजारी जागा मोकळी ठेवली. आईला सांगितलंय, काकी आणि त्यांची सून बांधावरून वर आल्या की त्याच दिवशी ओढायच्या. त्यांतली एक मी येऊन फेडीन. दुसरी राहू द्यायची.